सुटकेचा दुसरा दिवस

आमच्या घरातलं पुस्तकांचं कपाट ज्या मिस्त्रींनी केलं, ते चौदा वर्षं तुरुंगात होते. हे मला कळलं काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, तेही त्यांच्याच तोंडून. चहा देताना सहज विचारलं, "मिस्त्री, काम कुणाच्या हाताखाली शिकलात?" अशा वेळी माणूस वडिलांचं नाव सांगतो, नाहीतर एखाद्या उस्तादाचं. ते म्हणाले, "जेलात, ताई. तिथल्या कारखान्यात." आणि बशीतला शेवटचा घोट संपवून पुन्हा रंध्याकडे वळले.

बाकीचं दुपारच्या डब्याच्या वेळी, तुकड्यातुकड्यानं आलं. बांधावरचं भांडण. समोर चुलतभाऊ. हातात होता तो खोऱ्याचा दांडा. जन्मठेप. चौदा वर्षं भरल्यावर सरकारनं मुदतीआधी सोडलं. वय आता बावन्न. हे सगळं त्यांनी लाकडाचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली होती, जी आधीच्या कुठल्याही सुतारानं केली नव्हती. कपाटात जे जे जाणार, ते सगळं त्यांनी मागून घेतलं. शब्दकोशाचे जाड खंड, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, फोटोंचे अल्बम, सासूबाईंची चांदीची छोटी समई. एकेकाला टेप लावून भिंतीवरच पेन्सिलीनं आकडे लिहिले, इंचात आणि सुतात.

चौथ्या दिवशी सकाळी, ते यायच्या आधी, मी ती समई उचलून आतल्या खोलीत कडीकुलपात ठेवली.

गंमत अशी, की तेव्हा माझ्या टेबलावर याच लेखासाठी जमवलेल्या कागदांचा ढीग होता. तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा का करतो, का करत नाही, त्याला कशानं फरक पडतो, यावरचं पन्नास-साठ वर्षांचं संशोधन. त्यात मी स्वतः पिवळ्या पेननं रंगवलेली एक आकडेवारी होती. अमेरिकेच्या न्याय खात्यानं ३० राज्यांतल्या तुरुंगांतून २००५ मध्ये सुटलेल्या माणसांचा पाच वर्षं माग ठेवला. चोरी-घरफोडीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यात आत गेलेल्यांपैकी ८२ टक्के या ना त्या कारणानं पुन्हा पकडले गेले. मारहाण-खुनासारख्या हिंसेच्या गुन्ह्यातले ७१ टक्के. सुटताना वय चोविशीच्या आत असेल तर ८४ टक्के, चाळिशीच्या पुढे ६९. म्हणजे आपली भीती एका क्रमानं लागते आणि धोका दुसऱ्याच क्रमानं. जन्मठेप भोगून आलेला पन्नाशीचा माणूस सोसायटीच्या फाटकातून आत येताना आपण दचकतो. एकोणीस वर्षांचा मोटरसायकलचोर मात्र आपल्याला "पोरगं आहे, सुधारेल" असा वाटतो. हे मला पाठ होतं. तरीही समई आत गेली.

मिस्त्री माणदेशातले. आटपाडीचं नाव काढल्यावर म्हणाले, "ते शांतारामबापूंचं जेल ना? आत असताना टीव्हीवर पिक्चर दाखवला होता. निम्मी बराक रडत होती." ते जेल म्हणजे स्वतंत्रपूर. औंध संस्थानातली खुली वसाहत, १९३९ मध्ये सुरू झालेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती सोपवायला घेतली होती. त्याच धामधुमीत मॉरिस फ्रीडमन हा वॉर्सात जन्मलेला पोलिश इंजिनिअर तिथं आला होता. गांधींचा अनुयायी, अंगावर भगवी वस्त्रं, नाव भारतानंद. याच फ्रीडमननी पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली. गंभीर गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंती नसलेल्या जागी, शेतावर ठेवायचं, ही कल्पना फ्रीडमन यांची. आजही स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहण्याची मुभा आहे.

ग. दि. माडगूळकर तिथून हाकेच्या अंतरावरच्या शेटफळ्याचे. त्यांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला, पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. सहा खुनी, एक जेलर आणि त्या जेलरचे डोळे. सिनेमा मोठाच आहे. पण मला वाटतं, त्यानं एक गैरसमजही रुजवला: सुधारणा म्हणजे एका थोर माणसाच्या नजरेचा प्रताप. नजर निवृत्त झाली की प्रयोग संपला. आणि दुसरी अडचण त्याहून कोरडी आहे. खुल्या कारागृहात पाठवतात कोणाला? वर्तणूक चांगली, शिक्षेचा बराचसा भाग भोगून झालेला, पळून जाणार नाही याची खात्री असलेला. हा माणूस भिंतीच्या आत राहिला असता तरी बहुधा पुन्हा गुन्हा करणार नव्हताच. मग श्रेय शेतीला, जेलरला, की निवडीला? हा प्रश्न विचारला की सभागृहात शांतता पसरते. तुरुंगातल्या ध्यानाच्या, भजनाच्या, योगाच्या, चित्रकलेच्या बहुतेक बातम्या या प्रश्नाच्या अलीकडेच थांबतात.

हा प्रश्न ज्यानं सगळ्यात मोठ्यानं विचारला, त्याची गोष्ट चटका लावणारी आहे.

रॉबर्ट मार्टिन्सन हे न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ. तरुणपणी डाव्या विचारांचे. १९६१ मध्ये दक्षिणेकडच्या बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या 'फ्रीडम रायडर्स'मध्ये ते होते आणि त्यासाठी मिसिसिपीच्या तुरुंगात राहून आले होते. न्यूयॉर्क राज्याच्या एका समितीसाठी त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९४५ ते १९६७ या काळातले २३१ अभ्यास चाळले: समुपदेशन, शिक्षण, धंदेशिक्षण, गटचर्चा, औषधोपचार, सगळं. १९७४ मध्ये त्यांचा लेख एका नियतकालिकात आला. निष्कर्ष असा, की तुरळक अपवाद सोडले तर पुनर्वसनाच्या या प्रयत्नांचा पुन्हा गुन्हा घडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. 'कशानंच काही होत नाही' असं त्याचं घोषवाक्य झालं.

मार्टिन्सनना म्हणायचं होतं, की तुरुंगात माणूस सुधारत नसेल तर तुरुंगच कमी करा. ऐकणाऱ्यांनी ऐकलं भलतंच: सुधारत नाही ना, मग जास्त दिवस कोंडा. उजव्यांना कठोर शिक्षा हवीच होती. डाव्यांना 'सुधारला' असा शिक्का मारेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणाऱ्या समित्या नको होत्या. दोघांनी मिळून पुनर्वसनाची कल्पना मोडीत काढली. १९८४ च्या अमेरिकी कायद्यानं संघीय पातळीवरचं पॅरोल बंद केलं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही पुनर्वसनाच्या अपयशाचा दाखला दिला.

मधल्या काळात मार्टिन्सननी आणखी बरेच अभ्यास तपासले आणि १९७९ मध्ये एका कायदेविषयक नियतकालिकात लिहिलं, की माझं आधीचं म्हणणं मी मागे घेतो. काही उपायांचा चांगला परिणाम होतो, काहींचा वाईट, परिस्थितीवर अवलंबून आहे. हा लेख फारसा कुणी वाचला नाही. त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. स्वतःची चूक छापून कबूल करणारा संशोधक दुर्मीळ, पण कबुलीला कधी मथळा मिळत नाही.

'परिस्थितीवर अवलंबून' हा दोन शब्दांचा निष्कर्ष नीट उलगडायला पुढची चाळीस वर्षं गेली. कॅनडातल्या डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बॉन्टा यांनी १९९० च्या सुमारास तो तीन साध्या गोष्टींत बसवला. ज्याचा धोका जास्त, त्याच्यावर मेहनत जास्त करा. गुन्ह्याशी ज्यांचा खरा संबंध आहे त्याच गोष्टींवर बोट ठेवा: संगत, व्यसन, रिकामपण, रागात विचार करण्याची सवय. आणि माणूस ज्या पद्धतीनं शिकू शकतो तसं शिकवा. ऐकायला ही आजीबाईंची शहाणीव वाटते. पण पहिल्या नियमाची दुसरी बाजू बोचरी आहे. ज्याचा धोका कमी आहे त्याला फार 'सुधारायला' गेलात, तर तो बिघडतो. कारण कार्यक्रमासाठी त्याला त्याच्या नोकरीतून, घरातून उचलून बिघडलेल्यांच्या गोतावळ्यात बसवलेलं असतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगाचं. तिथल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७६ मध्ये एक उपक्रम सुरू केला. वाया जाऊ लागलेल्या पोरांना तुरुंगात आणायचं आणि दोन-तीन तास त्यांच्या अंगावर ओरडून आतलं आयुष्य कसं असतं ते ऐकवायचं, अगदी थरकाप उडेपर्यंत. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि देशभर त्याच्या नकला सुरू झाल्या. पोरं घाबरलेली पडद्यावर दिसत होती. आणखी काय पुरावा हवा? जेम्स फिंकनॉअर या संशोधकानं मात्र तिथं गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना केली. गेलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी पुढे नवा गुन्हा केला. न गेलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी. नंतर अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तिथंही हेच निघालं: दम देण्यापेक्षा काहीच न करणं बरं.

मला यात आपले शाळेतले सर आठवतात. छडीनं सुधारलेल्यांची नावं ते निवृत्तीच्या सत्कारात सांगतात. छडीनं शाळा सोडलेला मुलगा सत्काराला येत नाही.

फक्त कठोर उपायच फसतात असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी १९९० च्या दशकापासून एक उपचारगट चालत असे. मनोवैज्ञानिकांनी आखलेला, प्रशिक्षित माणसांनी चालवलेला, सद्हेतूनं भरलेला. २०१७ मध्ये सरकारनंच अभ्यास जाहीर केला. उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा तसाच गुन्हा केला होता, न घेतलेल्या तुलनीय गटातल्या ८ टक्क्यांनी. फरक छोटा, पण उलट्या दिशेचा. कार्यक्रम बंद करण्यात आला. पाव शतक चाललेला उपक्रम आकड्यांपुढे मान तुकवून बंद करायचा, याला मोठं मन लागतं. आपल्याकडे योजना बंद पडतात त्या निधी संपल्यावर. परिणाम मोजून बंद पडलेली योजना मला तरी आठवत नाही.

आता नॉर्वे. नॉर्वेच्या तुरुंगांचे फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात: खोलीत टीव्ही, खिडकीबाहेर झाडं, आणि खाली "आमच्या हॉस्टेलपेक्षा बरं" अशा टिप्पण्या. तिथं सुटल्यानंतर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असल्याचा आकडाही फोटोबरोबर येतो. हा २० आणि अमेरिकेचा ७०-८० शेजारी ठेवून टाळ्या वाजवू नयेत. एक पुन्हा शिक्षा झालेल्यांचा, दुसरा नुसता पुन्हा पकडलेल्यांचा. एक दोन वर्षांचा, दुसरा पाच. फूटपट्ट्याच वेगळ्या.

खरी कमाल वेगळ्या अभ्यासात आहे. नॉर्वेत खटले न्यायाधीशांकडे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले जातात. काही न्यायाधीश कडक, काही सौम्य. म्हणजे एकसारख्याच गुन्ह्यातले दोन आरोपी, एक निव्वळ नशिबानं तुरुंगात जातो, दुसरा नशिबानंच बाहेर राहतो. निवडीचा तो मघाचा प्रश्न इथं आपोआप सुटला. मॅग्ने मोगस्टाड आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे हजारो खटले तपासले. तुरुंगात गेलेल्यांची पाच वर्षांत पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता बाहेर राहिलेल्यांपेक्षा शंभरात पंचवीसहून जास्तीनं घटली होती. तुरुंगानं गुन्हे कमी केले! कठोर शिक्षावाले खूश होणार, तेवढ्यात पुढचं पान येतं. ही सगळी घट झाली ती आत जाण्याआधी बेकार असलेल्यांमध्ये. त्यांना आत कामाचं प्रशिक्षण मिळालं, बाहेर आल्यावर नोकरी लागली. ज्यांना आधीच नोकरी होती, त्यांची ती गेली आणि बदल्यात काही मिळालं नाही. गुण होता तो सुटताना हातात पडलेल्या कामाला. नॉर्वेतल्या शिक्षा मुळात छोट्या, बऱ्याचशा काही महिन्यांच्या, आणि तुरुंगातल्या रक्षकाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं, हेही विसरून चालणार नाही.

हा निष्कर्ष घेऊन आपल्या तुरुंगात शिरलं, की पहिल्याच दाराशी अडखळायला होतं. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा होती ४,३६,२६६ जणांची. यातले ७५.८ टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे आतल्या भाषेत कच्चे कैदी. अजून गुन्हा शाबीत नाही, म्हणून त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि सुतारशाळा, हातमाग, बेकरी हे सगळं आखलेलं आहे पक्क्या कैद्यांसाठी. मोबाइल चोरल्याच्या आरोपात आलेला पोरगा जामिनाची रक्कम भरायला कुणी नाही म्हणून वर्ष-दीड वर्ष बराकीत पडून राहतो. शेजारी टोळीतला मुरलेला माणूस. हातात काम नाही, दिवसभर गप्पा. कॅनडावाल्यांनी सांगितलेला 'कमी धोक्याचा माणूस बिघडवण्याचा' प्रयोग याहून शिस्तीत करता येणार नाही. मिस्त्री म्हणाले, "कच्च्यात होतो तेव्हा तीन वर्षं नुसता भिंतीकडं बघत होतो. शिक्षा लागली, आणि काम मिळालं. शिक्षा लागल्याचा आनंद झालेला माणूस बघितलाय का कधी?" नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला, की त्याला सोडण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून आली आहे, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. ती किती बराकींपर्यंत पोचते, त्यावर बरंच ठरेल.

बोस्टनची एक गोष्ट मला या सगळ्यात फार आवडते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं १९४० च्या सुमारास ५०० उनाड, सुधारगृहात गेलेली मुलं आणि त्याच वस्त्यांमधली ५०० साधी मुलं यांचा अभ्यास सुरू केला आणि वर्षानुवर्षं चालवला. त्यांच्यामागे कागद हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडले. १९८० च्या दशकात जॉन लाउब या तरुण संशोधकाला ती साठेक खोकी सापडली. त्यानं आणि रॉबर्ट सॅम्पसननं ती पुन्हा उघडली, मग त्यातली माणसं शोधायला निघाले. ती पोरं आता सत्तरीची म्हातारी झाली होती. बावन्न जणांशी ते बोलले. सारखीच गरिबी, सारखेच मारकुटे बाप, सारखीच सुधारगृहं, तरी काहींनी तिशीत गुन्हे सोडले, काही पन्नाशीपर्यंत करत राहिले. फरक कशानं पडला? टिकलेलं लग्न. टिकलेली नोकरी. काहींच्या बाबतीत सैन्य. कुणाला दृष्टांत झाला नव्हता. बायको संध्याकाळी विचारायची, कुठं होतात. सकाळी साहेब विचारायचा, उशीर का झाला. माणूस हळूहळू त्या प्रश्नांना बांधला गेला.

आपल्या तुरुंगप्रशासनात या समजुतीचे धागे पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांना कुणी संशोधन म्हणत नाही. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचे मुंबई राज्याचे नियम १९५९ चे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' होते, ज्यात मुलाला जाळीआडून न बघता आईबापाच्या मांडीवर बसता येतं. १ मे २०२२ ला राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली: कैद्याच्या आतल्या कमाईवर पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजानं. पोरीची फी आत बसलेल्या बापाच्या सहीनं भरली जाणं, याचं मोल बँकेच्या ताळेबंदात मावणारं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २०११ मध्ये १६ हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला. ज्यांना आत असताना निदान एक भेट मिळाली होती, त्यांना पुन्हा शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता. भेटायला कोण आलं यानंही फरक पडत होता. भावंडं, वडील, धर्मगुरू आणि सासरची माणसं उपयोगी ठरली. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटीनं उलट धोका वाढला. सासुरवाडीचं हे शास्त्रीय कौतुक कुठल्याही जावयानं जपून ठेवावं असं.

मिस्त्रींना मी विचारलं, सुटलात तो दिवस कसा होता? "पहिला दिवस चांगला असतो, ताई. भाऊ न्यायला आलेला. घरी मटण. सगळं गाव बघायला. खरा दुसरा दिवस." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं जायचं, हे ठरलेलं नव्हतं. चौदा वर्षं कुणीतरी शिट्टी मारून सांगत होतं. रेशनकार्डातून नाव कमी झालेलं. सातबाऱ्यावरचा हिस्सा वकिलापायी आधीच गेलेला. आत गेले तेव्हा फोनला बटणं होती; आता नवं सिम घ्यायला आधार हवं, आधारला पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्याचा शेवटचा सरकारी पुरावा म्हणजे सुटकेचा कागद, त्यावर तुरुंगाचा पत्ता. बायको माहेरी राहून पोरं वाढवत होती. तिनं पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोलणं टाळलं. "तिचं बरोबर होतं," ते म्हणाले. मेहुण्याच्या ओळखीनं पुण्यात एका फर्निचरवाल्याकडे लागले. सासरचा माणूसच शेवटी उपयोगी पडला.

अनुरक्षण हा सरकारी शब्द या दुसऱ्या दिवसासाठीच आहे. पण त्या दिवशी फाटकाबाहेर उभं कोण असतं? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो. ओळखपत्रं, निवारा, वकील आणि सुटलेल्यांना सामाजिक संस्थांमध्ये काही महिने कामावर ठेवून नोकरीची सवय लावणं. अशी कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि काहींचा दुसरा दिवस पिढ्यानपिढ्या उजाडलेलाच नाही. पुनर्गुन्ह्याचं मोजमाप अनेक ठिकाणी अटकेवरून होतं. ज्याला पकडायला कारणच लागत नाही, त्याचं काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, गिरण्यांना मजूर पुरवले. ती वस्ती आजही सेटलमेंट याच नावानं ओळखली जाते. कायदा १९५२ मध्ये गेला, त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी पहिली पालांकडे वळते, हे 'उचल्या' वाचलेल्या मराठी वाचकाला मी काय सांगावं? ज्या पोराला चोरी न करताही तीनदा उचललंय, तो कागदावर 'सराईत' होतो, आणि पुनर्गुन्ह्याच्या तक्त्यात त्याचा एक आकडा वाढतो. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले भेद घटनाबाह्य ठरवले, त्यात विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही आल्या. नियमावली बदलेल. पण पोलीस ठाण्याच्या फळ्यावरची यादी?

तडीपारीचंही असंच. शांतता राखायची म्हणून माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढायचं. बोस्टनच्या खोक्यांनी ज्या दोन गोष्टी शोधून काढल्या, घर आणि काम, नेमक्या त्याच तोडायच्या आणि मग तो परक्या शहरात कुणाच्या ओळखीनं जगतो हे बघायचं.

कपाटाच्या सातव्या दिवशी सोसायटीच्या चिटणिसांचा फोन आला. इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हवं, असा ठराव झालाय म्हणे. त्यांना कुणी काय सांगितलं होतं, कोण जाणे. वॉचमनसमोर मिस्त्री बोलले असतील. मी म्हटलं, काम दोन दिवसांत संपतंय. हे उत्तर भेकडपणाचं होतं, हे फोन ठेवताना कळलं. देवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सारख्या वयाची, सारखं बोलणारी तरुण माणसं नोकरीच्या अर्जांना पाठवली. फरक एवढाच, की काहींच्या अर्जावर तुरुंगवासाची नोंद. नोंद नसलेल्या गोऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना परत बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी १७. कृष्णवर्णीयांत नोंद नसलेले १४, नोंद असलेले ५. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेला गोरा माणूस कधीच तुरुंगात न गेलेल्या काळ्यापेक्षा वरचढ ठरला. आपल्याकडे हा प्रयोग आडनावं बदलून कुणी करून बघायला हवा.

नवव्या दिवशी कपाट उभं राहिलं. सागाचं, खिळा जवळजवळ न दिसणारं, सांधे नखानं चाचपूनही कळू नयेत असे. मिस्त्रींनी गुण्या लावून प्रत्येक कोपरा एकदा तपासला, मग माझ्याकडून पुस्तकं घेऊन स्वतः लावायला लागले. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांप्रमाणे शब्दकोश खाली, अंकांचे गठ्ठे मधे, अल्बम आडवे. डोळ्यांच्या उंचीवर एक छोटा खण रिकामा राहिला.

"ताई, समई आणा," ते म्हणाले. "तो खण तिच्या मापाचा आहे."

मी आत गेले. किल्ली सापडायला वेळ लागला. कुलूप उघडल्याचा आवाज बाहेर गेला असणार; घर काही मोठं नाही. समई आणून दिली. त्यांनी ती फडक्यानं पुसून आत ठेवली, वर बोटभर अंतर उरलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "आत पेटवू नका हं. नुसती ठेवा. पॉलिश काळं पडेल."